पोट्सडामर श्ट्रासेवरचा दवाखाना

मनोविश्लेषण म्हटलं की लोकांना फ्रॉइड, त्याचा कोच आणि न परवडणारी फी आठवते. मला आठवतो बर्लिनमधला एक पत्ता: पोट्सडामर श्ट्रासे २९. मॅक्स आयटिंगोन आणि अर्न्स्ट झिमेल यांनी १४ फेब्रुवारी १९२० रोजी तिथे दवाखाना उघडला. ज्याला जेवढं जमेल तेवढं त्यानं द्यावं, नसेल जमत तर देऊ नये. खर्च मुख्यतः आयटिंगोनच्या खिशातून. त्याच्या घरचा फरचा मोठा व्यापार होता.

गरिबाला शस्त्रक्रियेचा जेवढा हक्क, तेवढाच मनाच्या उपचाराचाही, असं फ्रॉइड सप्टेंबर १९१८ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत म्हणाला होता. बर्लिनकरांनी ते मनावर घेतलं. पहिल्या दहा वर्षांत तिथे १९५५ जणांची प्राथमिक भेट झाली आणि ७२१ जणांचं विश्लेषण हाती घेतलं गेलं. एकेका माणसासाठी आठवड्यातले अनेक तास, तेही महिनोन्‌महिने, हे ध्यानात घेतलं की ७२१ चं वजन कळतं.

मला मात्र त्या दवाखान्यातला एक शिरस्ता त्याहून मोलाचा वाटतो. नवशिक्यानं रुग्ण घेतला की ती केस अनुभवी विश्लेषकापुढे नेमानं मांडायची. स्वतःचं विश्लेषण, अभ्यासवर्ग आणि ही देखरेख, अशी प्रशिक्षणाची घडी तिथे बसली आणि पुढे जगभर गेली. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. ज्यू असलेला आयटिंगोन पॅलेस्टाइनला निघून गेला.

त्याच बर्लिनमध्ये शिकलेला मायकेल बॅलिंट हा बुडापेस्टच्या एका साध्या डॉक्टरचा मुलगा. १९३० च्या दशकात त्यानं बुडापेस्टमधल्या जनरल प्रॅक्टिशनरांचा गट जमवला. पण सरकारला प्रत्येक बैठकीचा संशय. साध्या वेशातला पोलीस येऊन बसायचा, बोललेलं टिपून घ्यायचा. चर्चा अशक्य झाली, गट मोडला. १९३९ मध्ये बॅलिंट इंग्लंडला गेला आणि १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यानं तोच प्रयोग नव्यानं मांडला. चौदा डॉक्टर दर आठवड्याला जमत. लिहून आणलेलं वाचायचं नाही, रुग्ण आठवेल तसा सांगायचा. त्याच्यासमोर बसल्यावर आपल्याला राग आला, कंटाळा आला की भीती वाटली, तेही सांगायचं. कारण त्यातूनही रुग्णाविषयी काही समजतं.

मी सोलापुरात विडी कामगारांच्या वस्तीत समुपदेशक आहे. सुपात तंबाखू घेऊन बसलेली बाई हात न थांबवता सांगते, रात्री विहिरीकडे पाय वळतात. तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेते, तिच्या सासूशी बोलते. त्या रात्री मला घास उतरत नाही, हे सांगायला जागा हवी. आम्ही चौघी महिन्यातून एकदा एका ज्येष्ठ मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे बसतो. ताई सल्ला क्वचितच देतात. "ती रडली तेव्हा तू घड्याळ का पाहिलंस?" असं विचारतात आणि थांबतात.

ही बैठक मासिक आढाव्यालाच जोडून, साहेबांच्या उपस्थितीत घ्यावी, असं मध्यंतरी सुचवलं गेलं. आढाव्यात किती केसेस झाल्या ते विचारतात. तिथे कुणी आपली भीती बोलून दाखवणार नाही. बुडापेस्टचा गट का मोडला, हे मी तिघींना सांगितलं. आम्ही नकार कळवला. आमचे ते दोन तास कामाच्या वेळेत धरावेत आणि तिथे तपासणी नसावी, अशी लेखी मागणीही सोबत दिली आहे.