घाणेरी (परसबागेतील आक्रमक वनस्पती)

घाणेरी किंवा टणटणी (शास्त्रीय नाव: लँटाना कॅमारा) हे व्हर्बिनेसी कुळातील, मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील काटेरी झुडूप आहे. कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण केले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते शोभेसाठी भारतात आणले गेले. जनावरे खात नसल्याने कुंपणालाही त्याचा उपयोग होऊ लागला. आज त्याची गणना जगातील सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींत होते.

ओळख

खोड चौकोनी असून त्यावर मागे वळलेले बारीक काटे असतात. पाने समोरासमोर, खरखरीत व दातेरी कडांची असून चुरगळल्यास उग्र वास येतो. याच वासामुळे घाणेरी हे नाव पडले असावे. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी व गुलाबी फुले दिसतात, कारण फूल जुने होताना रंग बदलते. हिरवी फळे पिकल्यावर काळी-जांभळी होतात.

प्रसार व परिणाम

पिकलेली फळे बुलबुलासारखे पक्षी खातात आणि बिया दूरवर टाकतात. त्यामुळे अंगणातील एक झुडूपही गावाबाहेरच्या माळावर पोहोचू शकते. बार्शी तालुक्यातील वैराग ज्या सोलापूर–बार्शी रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावर नान्नज येथे १९७९ साली स्थापन झालेल्या माळढोक अभयारण्याचे क्षेत्र आहे. माळढोकास उघडा गवताळ प्रदेश लागतो. दाट झुडपे त्याला मानवत नाहीत. घाणेरीखाली गवत वाढत नाही, म्हणजे चराईही घटते. पानांतील लँटाडीन या विषामुळे गुरांना व शेळ्यामेंढ्यांना कावीळ होते आणि उन्हात त्यांची कातडी सोलपटते. दुष्काळात अन्य चारा नसताना हा धोका वाढतो.

निर्मूलन

केवळ छाटणी निरुपयोगी ठरते. बुंध्यापासून पूर्वीपेक्षा अधिक फांद्या फुटतात. फुटवे खोड व मूळ यांच्या सांध्यातून येतात. म्हणून दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी सुचविलेल्या पद्धतीत मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर कुदळीने तोडतात आणि झुडूप उलटे करून वाळवतात. काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट होते, त्यामुळे पहिल्या पावसानंतर, फळे पिकण्यापूर्वी हे काम करणे सोयीचे असते. हातमोजे आवश्यक आहेत. फळे असल्यास ती आधी वेचावीत. फळांसह कचरा उकिरड्यावर टाकल्यास बिया शेणखताबरोबर शेतात जातात. मातीतील बिया पुढील काही वर्षे उगवत राहतात, म्हणून दर पावसाळ्यात रोपे उपटावी लागतात.

रोपवाटिकांत बी न धरणारे म्हणून विकले जाणारे काही वाणही परागकण देतात व रानटी घाणेरीशी त्यांचा संकर होऊ शकतो.

अन्य शोभिवंत वनस्पती

पिवळा कॉसमॉस वर्षायू असल्याने फुलताच उपटला तरी पुरते. मात्र त्याची सुईसारखी फळे कपड्यांना चिकटतात. हौदातील जलपर्णी ओढ्यात वा तळ्यात न टाकता काढून पूर्ण वाळवावी.