संपृक्त

विशेषण. ठरावीक तापमानाला पाण्यात किंवा अन्य द्रावकात एखादा पदार्थ मावेल तितका विरघळला, की ते द्रावण संपृक्त होते. २५° से. तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. त्यावर टाकलेली चिमूट कितीही ढवळली तरी तळाशीच राहते. तापमानाचा उल्लेख नसेल तर हे विशेषण अपुरे ठरते. गरम पाण्यात केलेला साखरेचा दाट पाक निवू लागला की अतिसंपृक्त होतो आणि त्यात सोडलेल्या दोऱ्याभोवती खडीसाखरेचे खडे धरू लागतात. मध साखरतो तोही याच कारणाने.

कार्बनी रसायनशास्त्रात अर्थ बदलतो. तेथे ज्या रेणूतील कार्बन अणू परस्परांशी फक्त एकेरी बंधांनी जोडलेले असतात, तो संपृक्त: ईथेन संपृक्त, तर दुहेरी बंध असलेले एथिलीन असंपृक्त. ब्रोमीनचे तांबूस पाणी एथिलीनमुळे रंगहीन होते, ईथेनमुळे होत नाही. खोबरेल तेलातील मेदाम्ले बहुतांशी संपृक्त असतात. त्यांच्या सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगतात, म्हणून थंडीत बाटलीतले खोबरेल थिजते; करडईचे तेल मात्र पातळच राहते.

संस्कृतात ‘पृच्’ म्हणजे मिसळणे, जोडणे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पहिल्याच श्लोकात हा शब्द शब्द-अर्थाच्या अतूट जोडीसाठी येतो. मराठी परिभाषेने त्याला ‘काठोकाठ भरलेले’ हा नवा अर्थ दिला. हिंदीत यासाठी ‘संतृप्त’ वापरतात. द्रावणापुरता तो शब्द अधिक नेमका वाटतो.