डुकराच्या पिल्लांना हगवण लागली तर आधी पाणी, मग इंजेक्शन

परभणी : वराहपालनात पिल्ले दगावण्याचे एक मोठे कारण म्हणजे हगवण. जंतू आतड्यात शिरला की अंगातले पाणी आणि क्षार निघून जातात. पिल्लू किलो-दीड किलोचे, त्यामुळे ते एका दिवसातही जाऊ शकते. म्हणून हगवण दिसताच पिल्लाचे वय आणि विष्ठेचा रंग पाहावा.

कोणत्या वयात कोणता आजार?

- 1 ते 4 दिवस : पाण्यासारखी पिवळी-पांढरी हगवण, मागची बाजू ओली. बहुतेकदा ई. कोलाय. दूध तोडल्यावरच्या आठवड्यातही हा जंतू उचल खातो.
- पहिला आठवडा : रक्ताची लाल हगवण. क्लॉस्ट्रिडियमचा संशय. यात मरतूक फार होते.
- दूध तोडल्यापासून 4 महिने : ताप, घाण वासाची पिवळट हगवण, कान व पोट जांभळे. साल्मोनेला असू शकतो. तो माणसालाही होतो, हात साबणाने धुवावेत.
- वाढीची डुकरे : आव आणि रक्त पडते. स्वाइन डिसेंट्रीची शक्यता.

रोटा विषाणूची हगवणही अशीच दिसते आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. म्हणून नुसत्या रंगावरून औषध ठरवू नये.

लगेच काय करावे?

आजारी पिल्ले वेगळी काढावीत. ओआरएसचे मोठे पाकीट 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालून थोडे थोडे वारंवार पाजावे. आईचे दूध बंद करू नये. पिल्लांना ऊब द्यावी. नवजात पिल्लाला 32 ते 35 अंश तापमान लागते आणि आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचा पारा 10 अंशांखाली जातो. बल्ब लावावा, खाली कोरडे भुसकट टाकावे.

मागच्या वेळचे उरलेले इंजेक्शन परस्पर टोचू नये. कोलिस्टिन हे औषध तर जनावरांसाठी वापरायला केंद्राने 2019 मध्येच बंदी घातली आहे. 1962 या टोल फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. उपचारापूर्वी विष्ठेचा नमुना तपासून घेतला तर नेमके औषध मिळते.

मोठी डुकरे जोराचा ताप येऊन पटापट मरत असतील तर ती साधी हगवण समजू नये. आफ्रिकन स्वाइन फिव्हर असू शकतो. जनावरे विकू नयेत, हलवू नयेत, तातडीने पशुसंवर्धन विभागाला सांगावे.

पुढच्या वेताआधी

मादी साधारण 114 दिवसांनी विते. त्याआधी शेड धुऊन, चुना मारून वाळू द्यावे. मादीची कास धुवावी. पहिल्या 6 तासांत प्रत्येक पिल्लाला चीक मिळालाच पाहिजे, कारण रोगाशी लढायची ताकद त्यातूनच येते. हॉटेलचे खरकटे अर्धा तास उकळूनच घालावे. गाभण मादीला ई. कोलायची लस मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे.