क्ष-किरणचित्रामागचा दिवा

काळी नदीच्या काठचे सुपा हे गाव आज कोणास दाखविता येणार नाही. विजेसाठी नदीवर सुमारे १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले आणि १९८०च्या दशकात तालुक्याचे हे ठिकाण पाण्याखाली गेले. कचेऱ्या जोयड्यास आल्या. पुष्कळ कुटुंबे रामनगरास वसली. प्रकाशासाठी गाव गेले असेच म्हणावयाचे. त्या रानातून छातीचे दुखणे घेऊन शहरगावच्या इस्पितळात जाणाऱ्या माणसाचे भवितव्य मात्र आणखी एका लहानशा प्रकाशावर अवलंबून असते. भिंतीवरच्या दुधी काचेच्या पेटीत तो जळतो, आणि त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

रंटगेनने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले, त्या वेळी चित्रे काचेच्या पट्ट्यांवर उमटत. पट्टी खिडकीकडे किंवा दिव्यापुढे धरली की तपासणी झाली! पहिल्या महायुद्धात बेल्जियमची काच मिळेनाशी झाली आणि फिल्मचे दिवस आले. तथापि ती फिल्म नायट्रेटची, म्हणजे जवळजवळ दारूगोळाच. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रुग्णालयाच्या तळघरातील अशा फिल्मा पेटल्या आणि विषारी वायूने १२०हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर न भडकणाऱ्या फिल्मचा वापर वेगाने वाढला. फिल्म सुधारली, यंत्रे सुधारली. मागचा दिवा मात्र दुर्लक्षितच राहिला.

हे दुर्लक्ष किती महागात पडते, हे गणितानेच कळते. फिल्मच्या काळेपणाचे माप १ असेल तर मागच्या प्रकाशापैकी दहावा हिस्सा डोळ्यापर्यंत पोचतो. माप २ झाले की शंभरावा, ३ झाले की हजारावा. छातीच्या चित्रात फुफ्फुसे काळी दिसतात आणि क्षयाचा डाग त्या काळोखातच फिकट उमटतो. दिवा मंद असेल तर डाग आणि काळोख एकरूप होतात. दोष दिव्याचा, पण ठपका येतो चित्र काढणाऱ्यावर. ‘चित्र फार काळे आले,’ असे म्हणून ते पुन्हा काढले जाते आणि रोग्याच्या अंगावर किरणांचा दुसरा मारा होतो.

१९३६ साली ब्राझीलच्या मानुएल द आब्रेऊ याने छातीची छोटी चित्रे झपाट्याने काढण्याची रीत बसविली. १९५५ ते १९५८ या काळात भारतात क्षयाची देशव्यापी पाहणी झाली, तीही अशाच छोट्या चित्रांच्या आधारे. त्याआधी, १९४७ साली, अमेरिकेत एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध झाला होता. १,२५६ माणसांची चित्रे चार पद्धतींनी काढून पाच तज्ज्ञांना दाखविली. चित्रांच्या पद्धतींत पडला त्यापेक्षा मोठा फरक तज्ज्ञा-तज्ज्ञांत पडला. इतकेच नव्हे, तर तोच तज्ज्ञ तीच चित्रे पुन्हा पाहताना स्वतःशीच असहमत झाला. डोळा इतका चंचल असेल, तर निदान त्याच्यापुढचा दिवा तरी स्थिर नको काय?

या दिव्याची निगा राखणे म्हणजे काही अगाध विद्या नव्हे. काच आतून आणि बाहेरून पुसावी. आतली धूळ बाहेरून दिसत नाही, आणि आळस तेथेच होतो. नळीदिवे जुने होताना हळूहळू मंदावतात व पिवळट पडतात. रोज पाहणाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून एक नळी गेली तरी पेटीतल्या सगळ्या एकदम, एकाच जातीच्या बदलाव्यात. खोलीत अंधार करून सर्व पेट्या एकदम लावल्या की कोणती फिकी पडली ते चटकन उमगते. मोजमाप करावयाचे तर प्रकाशमापक असतोच. तो नसल्यास छायाचित्रकाराचा मीटरही उपयोगी पडतो. सामान्य चित्रांसाठी चौरस मीटरास निदान १,५०० कँडेला आणि स्तनांच्या चित्रांसाठी ३,००० कँडेला तेज असावे, अशी मापे रूढ झाली आहेत. मध्यभाग व कडा यांच्या तेजातही फार फरक नसावा. आकडे वहीत तारखेनिशी लिहून ठेवले, तरच गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात.

उरला खोलीचा उजेड. खिडकी सताड उघडी असेल तर उत्तम पेटीही निष्फळ ठरते. फिल्मभोवतीची उघडी दुधी काच काळ्या कागदाने झाकावी. समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांनी रस्त्याकडेचा माणूस दिसेनासा होतो, तशी तिची तिरीप डोळ्यांना दिपवते. फार काळ्या भागासाठी एक प्रखर दिवा आणि एक भिंग जवळ असले की झाले.

आता मोठ्या इस्पितळांत चित्रे संगणकाच्या पडद्यावर पाहतात. पडद्याचेही तेज वयाबरोबर उतरते आणि त्यालाही वेळोवेळी माप लावावे लागते. तरीही रोग्याच्या हाती फिल्मचे पाकीट देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ते काखोटीला मारून माणूस रानातल्या गावी परततो. पुढे खोकला वाढला की तीच फिल्म जवळच्या दवाखान्यात नेली जाते, आणि पेटी बंद असली तर वैद्य ती खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहतो.