अमेरिकेची हुंडी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास सांगतांना १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. परंतु त्या इतिहासाचें मर्म समजण्यास आणखी दीडशें वर्षें मागें, १६१९ या सालाकडे गेलें पाहिजे. व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत तेव्हां अवघी बारा वर्षांची होती. त्या वर्षीं जुलईअखेर जेम्सटाउन येथील चर्चमध्यें वसाहतवाल्यांनीं निवडलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. पुढें महिनाभरांतच त्याच वसाहतीच्या किनाऱ्यास एक जहाज लागलें आणि त्यांतून आणलेले वीसएक आफ्रिकन स्त्रीपुरुष अन्नसामुग्रीच्या मोबदल्यांत देऊन टाकण्यांत आले. लोकसत्ता व गुलामगिरी या दोन्ही रोपांची लावणी एकाच वर्षीं, एकाच मातींत झाली.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजांच्या तेरा वसाहती नांदूं लागल्या. उत्तरेकडे मासेमारी, जहाजबांधणी व व्यापार वाढला. दक्षिणेकडे तंबाखू व भाताची शेती गुलामांच्या श्रमांवर पोसली गेली. फ्रान्सबरोबरचें युद्ध १७६३ त संपलें, तेव्हां इंग्लंडच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. त्याचा कांहीं भार उचलण्यासाठीं १७६५ त पार्लमेंटनें वसाहतींवर स्टँपाचा कर बसविला. ज्या सभेंत आमचा प्रतिनिधि नाहीं तिला आमच्यावर कर लादण्याचा अधिकार नाहीं, असा वसाहतींचा आक्षेप होता. १७७३ च्या डिसेंबरांत बोस्टनच्या बंदरांत चहाच्या ३४२ पेट्या समुद्रांत फेंकल्या गेल्या. हा चहा ईस्ट इंडिया कंपनीचा, म्हणजे बंगाल्यांत त्याच सुमारास राज्यकर्ती होऊन बसलेल्या कंपनीचा होता.

सर्व माणसें जन्मतः समान असून जीवित, स्वातंत्र्य व सुखाचा शोध हे त्यांचे हक्क कोणास हिरावून घेतां येत नाहींत, हें तत्त्व ४ जुलै १७७६ रोजीं जगापुढें मांडलें गेलें. तो मसुदा लिहिणारा जेफर्सन स्वतः शेंकडों गुलामांचा धनी होता. युद्ध जिंकून १७८३ त स्वातंत्र्य पदरांत पडलें आणि १७८७ त फिलाडेल्फिया येथें राज्यघटना तयार झाली. ठराविक मुदतीचा अध्यक्ष, दोन सभागृहांचें कायदेमंडळ आणि स्वतंत्र न्यायसंस्था यांनीं एकमेकांवर लगाम ठेवावा, अशी तिची रचना आहे. परंतु ‘गुलाम’ हा शब्द न उच्चारतां तिनें गुलामगिरीस आश्रय दिला. प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें धरावीं, व १८०८ पर्यंत त्यांची आयात बंद करूं नये, असा तो सौदा होता.

वडीलधाऱ्यांनीं लांबणीवर टाकलेलें देणें नातवंडांच्या माथीं आलें. १७९३ त सरकी काढण्याचें सुधारलेलें यंत्र निघालें आणि दक्षिणेस कापसाचें वेड लागलें. देश पश्चिमेकडे पसरला. मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमींतून हुसकण्यास १८३० च्या कायद्यानें वाट करून दिली, आणि १८३८ त चेरोकी लोकांना पश्चिमेकडे हांकलण्यांत आलें, त्या प्रवासांत हजारों माणसें मेलीं. प्रत्येक नवें संस्थान गुलामगिरीचें कीं मुक्त, हा तंटा विकोपास गेला. १८६० च्या खानेसुमारीच्या वेळीं गुलामांची संख्या सुमारें ४० लाख होती. त्याच वर्षीं लिंकन निवडून येतांच दक्षिणेंतील संस्थानें फुटूं लागलीं. अखेर अकरा संस्थानें बाहेर पडलीं. चार वर्षांच्या यादवींत सहा लाखांहून अधिक सैनिक प्राणांस मुकले.

त्या यादवीचे हादरे मुंबईपर्यंत पोंचले. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी होऊन लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, तेव्हां मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. आणि १८६५ त युद्ध संपतांच सट्ट्याचा तो डोलारा कोसळून नामांकित पेढ्या बुडाल्या. पण त्या युद्धापासून निराळा धडा घेणारे पुरुषहि महाराष्ट्रांत होते. पुण्याच्या जोतीराव फुले यांनीं १८७३ त आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक, गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या संयुक्त संस्थानांतील सज्जनांना अर्पण केलें. आपल्या देशबांधवांनींहि शूद्रांच्या मुक्ततेसाठीं तोच कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा होती.

गुलामगिरी १८६५ च्या घटनादुरुस्तीनें संपली. १८६८ च्या दुरुस्तीनें नागरिकत्व आणि १८७० च्या दुरुस्तीनें कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क मिळाला. तथापि कागदावर मिळालेलें हातीं लागलें नाहीं. १८७७ त उत्तरेनें आपलें सैन्य दक्षिणेच्या राजकारणांतून काढून घेतलें. मग मतदारांवर कर व वाचनाच्या परीक्षा आल्या, आणि १८९६ त आगगाडीचे डबे वेगळे ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयानेंच मान्यता दिली. याच काळांत देश मात्र बलाढ्य झाला. १८६९ त रेल्वेनें पूर्व व पश्चिम एकत्र जोडलीं, युरोपांतून लाखों माणसें आलीं, कारखाने उभे राहिले. १९२० त स्त्रियांच्या मताधिकारास घटनेचा आधार मिळाला; मूळ रहिवासी सरसकट नागरिक ठरण्यास १९२४ साल उजाडावें लागलें. हिटलरच्या वंशगर्वाशीं लढावयास गेलेल्या सैन्यांतहि काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या; ती रीत मोडण्याचा हुकूम ट्रूमन यांनीं १९४८ त काढला.

शाळांतील भेद १९५४ त सर्वोच्च न्यायालयानें बेकायदा ठरविला. १९६३ त वॉशिंग्टन येथें मार्टिन ल्यूथर किंग यांनीं जाहीरनाम्यास धनकोच्या दृष्टीनें पाहिलें. पूर्वजांनीं ही हुंडी सर्वांच्या नांवें लिहून दिली आहे, ती आम्हांस वटवून मिळाली पाहिजे, असा त्यांच्या मागणीचा आशय होता. १९६४ व १९६५ चे नागरी हक्कांचे व मतदानाचे कायदे त्या मागणीनंतर आले. २००८ त बराक ओबामा अध्यक्ष निवडले गेले.

जेफर्सननें जे शब्द लिहिले ते त्याच्या स्वतःच्या शेतावरील माणसांना लागू पडत नव्हते. तरीहि ते लिहिले गेले, हें महत्त्वाचें ठरलें. कारण लिहून दिलेलें वचन देणाऱ्याच्या मनावर अवलंबून राहत नाहीं. अमेरिकेचें मोठेपण तिच्या वचनदात्यांइतकेंच, किंबहुना अधिक, त्या वचनाचा कागद जपून ठेवून पिढ्यान्‌पिढ्या वसुलीस येणाऱ्या वंचितांच्या पदरीं घातलें पाहिजे.