आणा गेला, हिशेब राहिला

आज एका फसलेल्या हिशेबापासून सुरुवात करते. तो आमच्याच गटाचा आहे, म्हणून सांगायला लाज नाही.

गेल्या हंगामात आम्ही कोकम सरबत केलं. काट्यावर भरलं २६ किलो. किलो म्हणजेच लिटर असं धरून आम्ही २६ बाटल्यांची ऑर्डर घेतली. कोकम, साखर, सरपण मिळून खर्च २,०८० रुपये, म्हणजे बाटलीमागे ८० रुपये. बाटलीचे पैसे वेगळे ठेवून भाव ठरवला १०० रुपये. भरायला बसलो आणि बाटल्या झाल्या फक्त २०! एक भरलेली बाटली वजन केली तेव्हा उलगडा झाला. साखरेचं सरबत पाण्यापेक्षा जड. आमचं एक लिटर भरलं एक किलो ३०० ग्रॅम. खर्च पडला बाटलीमागे १०४ रुपये. ८० रुपये खिशातून गेले आणि सगळ्यांची मजुरी पाण्यात.

घरी हे सांगितलं तर आजी हसली. म्हणाली, "अगो, मापी शेर वेगळा नि वजनी शेर वेगळा, हे आम्हाला शाळेत न जाता ठाऊक होतं!"

आजीच्या वेळी भात मापानं मोजायचे. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. गावागावात थोडाफार फरक असायचा, पण दुपटीची रीत सगळीकडे. कारण साधं आहे. हाती काटा नसला तरी निम्मं करता येतं. दहावा भाग डोळ्यांनी करता येत नाही. गूळ, तूप मात्र वजनी शेरानं. सरकारी वजनी शेर ८० तोळ्यांचा, आजच्या हिशेबात सुमारे ९३३ ग्रॅम. नाव एकच, शेर. पण एक माप जागा मोजतं, दुसरं भार. म्हणून पायलीभर नाचणी आणि पायलीभर पोहे काट्यावर कधीच सारखे भरणार नाहीत.

असाच दुसरा शब्द आणा. रुपयाचे आणे सोळा, हे सगळ्यांना ठाऊक. पण आणा जमिनीतही होता. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात जमीन मोजली ती ३३ फुटी साखळीनं. त्या साखळीचे भाग सोळा, त्यांनाही आणेच म्हणत. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: बाजू दुप्पट केली की जमीन चौपट होते. ६६ फूट बाजूचा चौकोन दोन गुंठे नव्हे, चार गुंठे.

तिसरा आणा पिकाचा. सोळा आणे पीक म्हणजे भरपूर, आठ आणे म्हणजे निम्मं. हीच आणेवारी. इथे आणा पैसाही नाही आणि जमीनही नाही, नुसता वाटा आहे. यंदाचं उत्पन्न भागिले ठरलेलं उत्पन्न. किलोला किलोनं भागलं की किलो उरतच नाही. आज तिला पैसेवारी म्हणतात. ती ५० पैशांखाली आली तर टंचाईच्या सवलतींचा प्रश्न येतो. म्हणजे हा नुसता आकडा एका गावाचं वर्ष ठरवतो.

स्वातंत्र्यानंतर देशानं एकच पद्धत घेतली. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे २५ पैसे बरोबर बसले, पण एक आणा सव्वासहा पैशांचा! तो पाव पैसा कुणाच्या पदरात पडायचा, यावर बाजारात घासाघीस होणारच. वजनमापांचा कायदा १९५६ चा. ऑक्टोबर १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्यानं आला आणि १९६२ पर्यंत मेट्रिक वजनं सक्तीची झाली. सातबाऱ्यावर एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. एक आर १०० चौरस मीटर, गुंठा १०१ चौरस मीटरांहून थोडा जास्त. फरक छोटा, पण एकरभरात तो जवळजवळ अर्धा गुंठा होतो.

आपणच चुकतो असं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेचं मंगळाकडे गेलेलं यान नष्ट झालं. एका गटाच्या गणितात जोर पौंडात होता, दुसऱ्यानं तो मेट्रिक समजून वापरला. आकड्यापुढे एकक तपासलं नाही, एवढंच.

तेव्हा मैत्रिणींनो, दोन प्रश्न विचारायचे. पहिला: हे मोजमाप कुठल्या जातीचं? लांबी, जागा, भार की पैसा? जात एक असेल तर एकक बदलता येतं. गुंठ्याचे चौरस फूट होतात, तोळ्याचे ग्रॅम होतात. दुसरा: जात वेगळी असेल तर मधला दुवा कोणता? लिटरचे किलो करायचे तर एका लिटरचं वजन आधी काट्यावर बघावंच लागतं. ते पदार्थागणिक वेगळं.

आमच्या वहीत आता नुसतं '२६' लिहायला बंदी आहे. '२६ किलो' लिहायचं, खाली 'लिटरला १.३ किलो' आणि मग '२० बाटल्या'. यंदा ऑर्डर घेण्याआधी एक बाटली भरून तोलली. तुमच्याही पुढच्या बैठकीत वही उघडा आणि ज्या आकड्यापुढे एकक नाही, त्याच्याभोवती गोल करा. किती गोल होतात ते बघा.