अक्षरांचे कारागीर : कै. जावजी दादाजी

मुंबईत १८३९ साली गरीब घरी जन्मलेल्या जावजी दादाजी चौधरी यांना शाळा फारशी लाभली नाही. बालवयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामास लागले. तेथेच हात बसला. पुढे १८६४ साली त्यांनी टाइप ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ साली 'निर्णयसागर' छापखाना उभारला. स्नेही राणोजी रावजी आरू यांनी अक्षरे कोरावी, जावजींनी ती ओतवावी, अशी ही जोडी! त्यांच्या सुबक, शुद्ध छपाईने संस्कृत ग्रंथ घरोघरी पोहोचले. १८९२ साली ते निवर्तले. चिरंजीव तुकाराम यांनी पित्याचा धंदा सांभाळला. हातकामाची लाज बाळगणाऱ्या आपल्या तरुण ज्ञातिबांधवांनी हे चरित्र डोळ्यांसमोर ठेवावे. विद्येची सेवा कारागिराच्या हातूनही घडते.